मोपा ते सोलापूर विमानाने: अंतर किती, वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या साखळी गावाच्या बाजारात आमचं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, सगळं एकाच टेबलावर. ९ जून २०२५ रोजी गोव्याच्याच मोपा विमानतळाहून सोलापूरला थेट विमान सुरू झालं आणि दुकानात येणाऱ्यांचे प्रश्नच बदलले. आमच्या भागातली माणसं घरात कोकणी बोलतात, पण अभंग आणि आरत्या मराठीत म्हणतात. वाळवंटी नदीच्या काठावर विठ्ठलापूरचं देऊळ आहे, चैत्रात तिथे जत्रा भरते, तरी आयुष्यात एकदा तरी पंढरपूरला जायचंच, ही ओढ सुटत नाही. त्यात अक्कलकोट, तुळजापूर, गाणगापूर. या सगळ्यांसाठी सोलापूर हे उतरायचं गाव. रोज तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहिली आहेत.

मोपा ते सोलापूर हवाई अंतर किती?

सुमारे ३०४ किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत १६४ नॉटिकल मैल, कारण एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. हे एका धावपट्टीपासून दुसऱ्या धावपट्टीपर्यंतचं सरळ रेषेतलं अंतर आहे. रस्त्याने हेच अंतर पावणेचारशे ते चारशे किलोमीटर भरतं, कारण मध्ये सह्याद्री उभा आहे आणि घाट सरळ चढत नाही.

हा आकडा कुठून आला? घरी काढता येतो का?

येतो, आणि एकदा तरी स्वतः काढून पाहावा असं मला वाटतं. दहावीचं गणित पुरतं.

मोपा साधारण १५.७४ उत्तर अक्षांश आणि ७३.८६ पूर्व रेखांशावर आहे. सोलापूरचं विमानतळ १७.६३ आणि ७५.९३ वर. अक्षांशांतला फरक १.८९ अंश. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, तेव्हा उत्तरेकडे आपण २१० किलोमीटर जातो. रेखांशांतला फरक २.०७ अंश. इथे थोडं थांबायचं. रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात, म्हणून १११ ला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं. दोन्ही गावांच्या मधला अक्षांश १६.७ धरला तर तो आकडा ०.९५८. म्हणजे पूर्वेकडे २२० किलोमीटर. आता २१० आणि २२० या काटकोनाच्या दोन बाजू झाल्या, कर्ण काढला की ३०४.

पृथ्वी गोल आहे म्हणून मोठ्या अंतरांना हे गणित चालत नाही, तिथे वेगळं सूत्र लागतं. पण तीन-चारशे किलोमीटरसाठी चूक एखाद्या किलोमीटरची. माझ्या पुतणीने नववीत असताना दुकानातल्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला हे गणित केलं होतं. तो कागद अजून काचेखाली आहे, आणि कोणी विचारलं की मी तोच दाखवतो.

त्या रेषेखाली कोणती गावं येतात?

नकाशावर मोपा आणि सोलापूर यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर ती सावंतवाडीच्या बाजूने आंबोलीच्या डोंगरावर चढते, मग गडहिंग्लज, पुढे कुडचीच्या आसपास कृष्णा ओलांडते, अथणी आणि जत यांच्या जवळून जाते आणि सोलापूरच्या थोडं आधी भीमा लागते. प्रत्यक्ष विमान ठरलेल्या हवाई मार्गाने जातं आणि धावपट्टीच्या दिशेप्रमाणे वळसा घेतं, त्यामुळे पट्टीच्या रेषेवर तंतोतंत राहत नाही. पण स्वच्छ हवेत हा बदल डोळ्यांनी दिसतो. आधी काजू-आंब्याचा हिरवा दाट डोंगर, मग उसाचे चौकोन, मग मोकळं, काळं, कोरडं रान. खालच्या मातीचा रंग तासाभरात असा बदलताना मी दुसऱ्या कुठल्या प्रवासात पाहिलेला नाही.

विमानाला वेळ किती लागतो?

हवेत साधारण ५० ते ५५ मिनिटं. तिकिटावर मात्र तासाभराचा किंवा त्याहून दहा-पंधरा मिनिटं जास्त वेळ दिसेल.

या मार्गावर एटीआर ७२-६०० जातीचं विमान चालतं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. ३०४ ला ५०० ने भागलं की ३६-३७ मिनिटं येतात. पण हा वेग वर गेल्यावरचा. चढताना विमान हळू असतं, उतरताना हळू असतं, आणि धावपट्टीच्या सरळ रेषेत येण्यासाठी वळण घ्यावं लागतं. या सगळ्याची १५-२० मिनिटं मिळवायची. अंतर जितकं कमी, तितका हा चढण्या-उतरण्याचा वाटा मोठा. दिल्लीला जाताना तो जाणवत नाही, सोलापूरला जाताना एक तृतीयांश वेळ त्यातच जातो.

इंटरनेटवर एका ठिकाणी २३ मिनिटं लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी ५३. खरं काय?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, म्हणून नीट सांगतो.

अंतर सांगणारी बरीचशी पानं माणसांनी लिहिलेली नसतात. संगणक दोन गावांचे अक्षांश-रेखांश घेतो, अंतर काढतो आणि ताशी ८०० किलोमीटरने भागतो. ८०० हा मोठ्या जेट विमानाचा वेग. सोलापूरच्या मार्गावर जेट नाही, आणि जेट असतं तरी इतक्या छोट्या अंतरात त्याला तो वेग टिकवायला जागाच मिळाली नसती. तिथून २३ मिनिटं येतात. ती विसरून जा.

काही पानं त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवतात. तिथे ५३ येतात. सोलापूरच्या बाबतीत हे उत्तर खऱ्याच्या जवळ आहे, पण ते योगायोगाने. दोन चुका एकमेकींना कापतात: वेग जास्त धरला, वरची मिनिटंही जास्त धरली. अंतर वाढलं की हा योगायोग संपतो. मोपा ते जळगाव घ्या, सरळ रेषेत सुमारे ६०७ किलोमीटर. त्या हिशेबाने सव्वा तास येतो. एटीआरला तेवढ्या अंतराला हवेतच दीड तास लागतो, आणि तिकिटावर त्याहून जास्त.

म्हणून कुठल्याही पानावरचा वेळ वाचताना आधी विचारा: विमान कोणतं धरलंय? पंख्याचं असेल तर ५०० ने भागा आणि वर १५-२० मिनिटं धरा. हा हिशेब मला आजवर दगा देत नाही.

तिकिटावरचा वेळ हवेतल्या वेळेपेक्षा जास्त का असतो?

तिकिटावर असतो तो ब्लॉक टाइम. मोपाला विमान जागेवरून हलल्यापासून सोलापूरला जागेवर थांबेपर्यंतचा पूर्ण वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, आधीच्या विमानासाठी थांबणं, उतरल्यावर परत येणं, आणि थोडी राखीव मिनिटं. म्हणून पुष्कळदा विमान वेळेआधी पोचतं. हा ब्लॉक टाइम लक्षात ठेवा, विमान रद्द झालं तर नुकसानभरपाईचा आकडा त्यावरच ठरतो. ते पुढे येईल.

वाऱ्यामुळे फरक पडतो का?

या अंतराला फार नाही. वारा पाठीमागून २० नॉट, म्हणजे ताशी ३७ किलोमीटर असेल तर दोन-अडीच मिनिटं वाचतात, समोरून असेल तर तीनेक मिनिटं जास्त लागतात. त्यासाठी काळजी करू नका.

पंख्याचं विमान म्हणजे जुनं का? माझ्या आईला भीती वाटते.

जुनं नाही. एटीआर ही फ्रान्स आणि इटलीची मिळून कंपनी आहे, आणि ७२-६०० हा त्यांचा आजचा प्रकार आहे. पंखा दिसतो म्हणून लोकांना जुन्या काळची आठवण होते. पण त्या पंख्याच्या मागे टर्बाइन इंजिनच असतं. अशी दोन इंजिनं असतात, आणि एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर विमान उडू आणि उतरू शकतं, या अटीवरच त्याला प्रवासी नेण्याची परवानगी मिळते. छोट्या अंतराला हेच विमान योग्य आहे, असं माझं ठाम मत आहे. इंधन कमी लागतं, आणि उड्डाणाला तेराशे-चौदाशे मीटरची धावपट्टी पुरते. सोलापूर, जळगाव, सिंधुदुर्गातलं चिपी यांसारख्या ठिकाणी विमान परवडतं ते यामुळे.

माझी आई ७४ व्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसली ती याच विमानात. मोपाला विमानाजवळ गेल्यावर ती थांबली आणि पंख्याची पाती मोजू लागली. सहा. मग दार शोधायला पुढे निघाली. तिला थांबवून मागे न्यावं लागलं, कारण एटीआरमध्ये प्रवासी शेपटीकडच्या दाराने चढतात, पुढच्या बाजूला सामान भरतात. पायऱ्या चार-पाचच, कठडा धरता येतो. जेटच्या उंच शिडीपेक्षा गुडघेदुखी असलेल्या माणसाला हे फार सोपं. आत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या, मधली खुर्ची नाहीच. पंख वरच्या बाजूला असतात, त्यामुळे खिडकीतून खालचं अडत नाही. आंबोलीवर थोडे हादरे बसले तेव्हा तिने माझं मनगट धरलं, ते कृष्णा दिसेपर्यंत सोडलं नाही. परत येताना मात्र तिने स्वतःहून खिडकी मागून घेतली.

हादऱ्यांचं कारणही सांगून ठेवतो. हे विमान जेटपेक्षा खालून जातं, ढग आणि डोंगरावरची हवा तिथेच असते. गाडी खडबडीत रस्त्यावरून जावी तसं ते आहे.

वयस्कर माणसांसाठी मागच्या रांगा मागा. दार जवळ, चालायला कमी, आणि पंख्यांच्या रेषेतल्या रांगांपेक्षा आवाजही कमी. व्हीलचेअर हवी असेल तर ४८ तास आधी सांगा.

गोव्याचं कोणतं विमानतळ? दाबोळी की मोपा?

सोलापूरचं विमान मोपाहून सुटतं. मोपाचं पूर्ण नाव मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर त्याची खूण जीओएक्स. दाबोळीची खूण जीओआय. दाबोळी पोर्तुगीज काळातलं, आता नौदलाचा हंसा तळ तिथेच आहे.

ही नुसती एका अक्षराची गंमत नाही. दोन्ही विमानतळांमध्ये सरळ रेषेत ४० किलोमीटर अंतर आहे आणि रस्त्याने ६० च्या वर. मध्ये मांडवी, मध्ये झुआरी. कारापूरचं एक जोडपं पहाटे भाड्याच्या गाडीतून दाबोळीला पोचलं, कारण चालकाने ‘गोवा एअरपोर्ट’ एवढंच ऐकलं होतं. विमान चुकलं. तिकीट आमच्या दुकानातून गेलेलं होतं आणि ते रडवेले होऊन परत आले तेव्हा मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून प्रत्येक तिकिटाच्या प्रतीवर लाल पेनने ‘मोपा’ किंवा ‘दाबोळी’ मोठ्या अक्षरांत लिहिल्याशिवाय आम्ही ते देत नाही. तुम्ही कुठूनही तिकीट काढा, हे एवढं स्वतः करा, आणि चालकाला विमानतळ न सांगता गाव सांगा.

आजूबाजूच्या बाकीच्या विमानतळांची मोपापासून अंतरं काय?

सरळ रेषेत, गोळाबेरीज: चिपी ४५ किलोमीटर, बेळगावचं सांबरा ८२, कोल्हापूरचं उजळाईवाडी ११२, हुबळी १३८.

पेडण्याचे लोक विचारतात की मोपाहून चिपीला विमान का नाही. ४५ किलोमीटरमध्ये विमान वर चढून सरळ होतं न होतं तोच उतरायला लागेल. हवेत वीस-पंचवीस मिनिटं, आणि त्यासाठी विमानतळावर दीड तास. सावंतवाडीवरून गाडीने दीड-दोन तासांत माणूस पोचतो. बेळगावचंही तेच, चोर्ला घाट आहे तोवर विमानाची गरज नाही. माझ्या मते रस्त्याने पाच तासांच्या आत पोचता येत असेल तर विमानाचा विचारच करू नये.

चिपीचा उपयोग वेगळा आहे. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी ते सुरू झालं, धावपट्टी अडीच हजार मीटरची. वेंगुर्ला, आरोंदा, सातार्डा या बाजूला माहेर किंवा सासर असेल तर मोपा आणि चिपी दोन्हीकडची वेळापत्रकं पाहा आणि जे सोयीचं पडेल ते घ्या. सीमा ओलांडली म्हणून तिकीट महाग होत नाही.

घरातून निघून पंढरपूरला दर्शनरांगेत उभं राहीपर्यंत किती वेळ?

खरा प्रश्न हा, आणि हाच कोणी विचारत नाही.

साखळीहून मोपा, डिचोली-अस्नोडा-धारगळ मार्गे, एक तास धरा. विमान सुटण्याआधी पावणेदोन तास पोचा, सामानाचं काउंटर साधारण तासभर आधी बंद होतं. विमान एक तास दहा मिनिटं. सोलापूरला उतरून सामान हातात यायला वीस मिनिटं, छोटं विमानतळ असल्याचा हा मोठा फायदा. तिथून पंढरपूर सुमारे ७५ किलोमीटर, दीड तास. बेरीज पावणेसहा तास.

आता गाडीने. साखळी, चोर्ला, बेळगाव, मिरज, पंढरपूर. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आठ तास, चहा-जेवण धरून नऊ. म्हणजे विमानाने वाचले तीन तास. ३०४ किलोमीटर आणि ५० मिनिटं ऐकून मनात जे येतं त्यापेक्षा हे खूप कमी आहे.

अक्कलकोटला जायचं असेल तर हिशेब जास्त चांगला बसतो. सोलापूरहून अक्कलकोट जेमतेम ४० किलोमीटर, तुळजापूर ४५. गाडीने मात्र तीच वाट आणखी लांबते.

म्हणून मी लोकांना असं सांगतो. चार जण तरुण आहेत, गाडी घरची आहे आणि फक्त पंढरपूर करायचं आहे, तर गाडीने जा. वाटेत मिरज आहे, सांगोला आहे, आपल्या सोयीने थांबता येतं. सोबत सत्तरीचं माणूस आहे, पाय सुजतात, लघवीला वारंवार थांबावं लागतं, घाटात उलट्या होतात, तर विमानाने जा. तिथे वाचलेले तीन तास फार मोठे असतात. पोचल्यावर ते माणूस त्याच दिवशी रांगेत उभं राहू शकतं, नाहीतर एक दिवस खोलीत पडून काढावा लागतो.

रेल्वेने काय सोय?

गोवा एक्सप्रेस वास्कोहून लोंढा, बेळगाव, मिरज या वाटेने पुण्याकडे जाते. मिरजेला उतरून पंढरपूर-कुर्डुवाडी मार्गाची गाडी धरता येते. ही गाडी बदलण्याची कटकट आहे, पण पैसे खूप वाचतात आणि दूधसागर फुकट दिसतो. भजनी मंडळाच्या तीस-चाळीस जणांच्या गटाला मी अजूनही हेच सुचवतो.

विमान रोज असतं का?

तिकीट काढण्याआधी त्या आठवड्याचं वेळापत्रक पाहा. छोट्या विमानतळांच्या बाबतीत मिनिटांपेक्षा वारांना किंमत जास्त आहे. जातानाचं विमान सोमवारी आहे आणि परतीचं शुक्रवारी, असं झालं तर ५० मिनिटांच्या प्रवासासाठी चार रात्री लॉजमध्ये काढाव्या लागतात. म्हणून आधी परतीचा वार बघायचा, मग जाण्याचा.

छोटे मार्ग बदलतात त्यामागचं कारणही समजून घ्या. केंद्राची उडान योजना २०१६ मध्ये आली आणि तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमला-दिल्ली मार्गावर उडालं. तिची कल्पना अशी: तासाभराच्या प्रवासाला ठरावीक खुर्च्या सुरुवातीला २,५०० रुपयांच्या मर्यादेत द्यायच्या आणि कंपनीचा तोटा सरकारने काही वर्षं भरून द्यायचा. ती मदत तीन वर्षांपुरती असते. तोपर्यंत मार्गाने स्वतःचे प्रवासी जमवले तर तो टिकतो, नाहीतर थांबतो. देशातले असे कितीतरी मार्ग सुरू होऊन बंद पडले आहेत. म्हणून मला मनापासून वाटतं की ज्यांना या विमानाचा उपयोग आहे त्यांनी ते वापरावं. रिकाम्या खुर्च्यांवर कुठलाच मार्ग जगत नाही.

विमान रद्द झालं किंवा उशीर झाला तर आमचा हक्क काय?

डीजीसीए, म्हणजे विमानसेवेवर देखरेख ठेवणारं केंद्राचं खातं, त्याचे नियम स्पष्ट आहेत, लोकांना ते ठाऊक नसतात.

अडीच तासांपर्यंतचा ब्लॉक टाइम असलेल्या विमानाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर विमानतळावर थांबलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं द्यावं लागतं. उशीर सहा तासांच्या वर जाणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. विमान ऐनवेळी, पूर्वसूचना न देता रद्द केलं तर पैसे किंवा दुसरं विमान द्यावंच लागतं, वर भरपाई. ब्लॉक टाइम एका तासापर्यंत असेल तर ५,००० रुपये, एक ते दोन तासांत असेल तर ७,५०० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे तिकिटावर एक तास लिहिलंय की एक तास दहा मिनिटं, याने आकडा बदलतो. वादळ, पाऊस अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने विमान रद्द झालं तर भरपाई नाही, पण भाडं परत मिळतंच.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तिकिटावर प्रवाशाचा स्वतःचा मोबाइल नंबर असला पाहिजे. माझी मावशी एका छोट्या विमानतळावरून परत येत होती. तिकीट तिकडच्या एका एजंटाने काढलं होतं आणि स्वतःचा नंबर टाकला होता. आदल्या संध्याकाळी विमान रद्द झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर आला, त्याने तो पुढे पाठवला नाही. मावशी सकाळी रिक्षाने विमानतळावर गेली तर दाराला साखळी आणि बाहेर एक पहारेकरी. त्या दिवशी दुसरं विमान नव्हतं. भरपाई मागितली तर कंपनीचं म्हणणं, आम्ही दिलेल्या नंबरावर कळवलं होतं. तिकीट काढताना प्रवाशाचा पुरेसा संपर्क दिलेला नसेल तर भरपाई मिळत नाही, असा नियमच आहे. ६८ वर्षांची बाई पिशवी घेऊन उन्हात दोन तास उभी होती, त्याला मात्र कुठला नियम नाही. तेव्हा एजंट कोणीही असो, अगदी आम्ही असलो तरी, नंबर तुमचा की त्याचा हे विचारा.

पावसाळ्यात जावं का? आषाढी तेव्हाच येते.

मोपाचं पठार समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरहून उंच आहे, जून-जुलैत ढग त्यावर उतरतात. मोठ्या विमानतळावर खालून रेडिओने वाट दाखवणारी आयएलएस यंत्रणा असते, त्यामुळे ढगांमुळे कमी दिसत असतानाही विमान उतरतं. जिथे ती नसते तिथे वैमानिकाला धावपट्टी लवकर आणि स्वच्छ दिसावी लागते. न दिसल्यास तो घिरट्या घालतो किंवा दुसरीकडे जातो. तो निर्णय तुमच्या जिवासाठी आहे, त्यावर वैमानिकाशी भांडू नये. सोलापूरकडे पाऊस कमी, अडचण बहुधा गोव्याच्या बाजूला येते. आषाढीला जाणाऱ्यांनी एकादशीच्या आदल्या दिवसाचं तिकीट काढू नये, दोन दिवस आधीचं काढावं.

सोलापूरला इतकी वर्षं विमान का नव्हतं?

होटगी रस्त्यावरचं विमानतळ जुनंच आहे. उतरण्याच्या वाटेत सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची उंच चिमणी येत होती. तिच्यावरून सोलापुरात वर्षानुवर्षं वाद चालला, एका बाजूला विमानसेवा मागणारे, दुसऱ्या बाजूला ऊस घालणारे शेतकरी. शेवटी १५ जून २०२३ रोजी ती पाडली. विमानतळाची सुधारणा झाली आणि २९ सप्टेंबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. पुढच्या जूनमध्ये गोव्याचं विमान उतरलं.

दोन्हीकडे घड्याळ एकच ना?

एकच. पण सोलापूर आपल्यापेक्षा दोन अंश पूर्वेला आहे, त्यामुळे निव्वळ रेखांशाच्या हिशेबाने सूर्य तिथे सुमारे आठ मिनिटं आधी उगवतो. सकाळच्या विमानाने जाताना ऊन उजव्या खिडक्यांवर येतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं असेल तर डावीकडची खुर्ची घ्या.

देवीला नारळ न्यायचा आहे. चालतो का?

हातातल्या पिशवीत नारळ सहसा अडवतात, तो मोठ्या सामानात घाला. सुकं खोबरं मात्र कुठेच चालत नाही, हातातही नाही आणि सामानातही नाही, कारण त्यात तेल असतं आणि ते आपोआप पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालाच्या यादीत आहे. सोलापूरच्या नातेवाइकांना फेणी न्यायची असेल तर ती मोठ्या सामानात, दुकानातल्या बंद बाटलीत, माणशी पाच लिटरच्या आत. घरच्या भट्टीची प्लास्टिकच्या बाटलीतली चालणार नाही. घरच्या झाडाचा नारळ देवीपुढे फोडायची आईची फार इच्छा होती, तेव्हा आम्ही तो सोलून, शेंडी ठेवून, टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत मधोमध ठेवला. तुळजापूरला तो अखंड पोचला.